आधी झाडू, मग कीर्तन: धंद्यात आणि माणसं सांभाळताना गोष्ट कशी सांगायची

आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा धंदा आहे, सांगली जिल्ह्यात. पहिल्या वर्षी पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता, बाटल्या नीट रांगेत, मागं मोठा बॅनर, बॅनरवर दहा मुद्दे. एक काकू आल्या, शेंगदाणा तेलाची बाटली उचलली, किंमत बघितली आणि म्हणाल्या, "चारशे वीस? अहो, दुकानात पिशवी दोनशेच्या आत मिळते." मी लगेच सुरू झाले. कोल्ड प्रेस्ड आहे, केमिकल नाही, वास बघा, रंग बघा, सगळे गुण जसेच्या तसे राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाटली जागेवर ठेवली आणि पुढच्या लोणच्याच्या स्टॉलवर गेल्या. दिवसभर असंच चाललं.

रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं पण एका लिटरला दाणे किती जातात ते सांगितलंस का?" ते मी सांगितलंच नव्हतं, कारण मला ते रोजचं होतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डातून दाणे आणले आणि बाटलीच्या शेजारी अडीच किलोची पारदर्शक पिशवी ठेवली. कुणी किंमत विचारली की एवढंच म्हणायचं, "ही बाटली म्हणजे ही पिशवी, उचलून बघा." लोक पिशवी उचलायचे, हाताला वजन कळायचं, आणि दाण्याचा भाव तर प्रत्येक घरात पाठ असतो, त्यामुळं गुणाकार ते स्वतःच करायचे. सगळ्यांनी घेतलं असं नाही. काहींनी महागच आहे म्हणून ठेवलं, तेही ठीकच. पण जे थांबले त्यांचा पुढचा प्रश्न किमतीचा नव्हता, "मग पेंडीचं काय करता?" असा होता. तिथून खरं बोलणं सुरू झालं.

गेली काही वर्षं मी बचत गटातल्या बायकांना, एमआयडीसीतल्या छोट्या युनिटवाल्यांना, कधी कधी नोकरी करणाऱ्या टीम लीडर मंडळींना हेच सांगत आले आहे, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. धंद्यात गोष्ट सांगायची म्हणजे आवाज गंभीर करून "एकदा काय झालं" म्हणणं नव्हे. समोरच्याच्या हातात अशी काहीतरी वस्तू द्यायची की निष्कर्ष त्याचा त्यानं काढावा. आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे आधी करायचं आणि मग सांगायचं. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात झाडू घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढं बोकड कापू नका हे त्यांचं सांगणं लोकांनी ऐकून घेतलं कारण दिवसभर ते झाडताना दिसलेले होते. आणि कीर्तनातही ते नुसतं सांगत नव्हते, लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. माझी दाण्याची पिशवी तेच काम करते, फार लहान प्रमाणात.

एकच अभंग घ्या

आपल्याकडं गोष्ट सांगायची तयार पद्धत आहे आणि आपण ती सोडून बाहेरचे फॉर्म्युले शोधत बसतो. नारदीय कीर्तन आठवा. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, म्हणजे मुद्दा काय आहे ते उलगडून सांगतात. मग उत्तररंगात आख्यान, एखादी कथा, जी तोच मुद्दा माणसांच्या रूपात उभी करते. शेवटी परत मूळ अभंगावर येतात. तास दोन तास झाले तरी अभंग एकच असतो.

मीटिंगमध्ये काय होतं? आपण पाच अभंग घेऊन उभे राहतो. क्वालिटी पण, सर्व्हिस पण, टीमवर्क पण, ग्रोथ पण, पर्यावरण पण. मग कुठलीच कथा कशालाच लागू होत नाही आणि लोक चहा कधी येणार ते बघत बसतात. म्हणून कुठंही बोलायच्या आधी एका ओळीत लिहा की हे लोक इथून बाहेर पडताना कुठली एक गोष्ट घेऊन जायला हवेत. ओळ लिहिता येत नसेल तर बोलणं पुढं ढकला, खरंच ढकला, कारण तुमचंच अजून ठरलेलं नाही.

ती ओळ झाली की तिला लागू पडणारा एक प्रसंग शोधा. प्रसंग म्हणजे एक दिवस, एक जागा, एक माणूस, त्याच्या पुढ्यात आलेली एक अडचण आणि त्यानं घेतलेला निर्णय. निर्णयाची किंमत काय मोजावी लागली ते पण हवं, ते नसेल तर ती जाहिरात होते. "आम्ही नेहमी ग्राहकाला प्राधान्य देतो" हा प्रसंग नाही. "गेल्या जूनमध्ये टेम्पो घाटात बंद पडला तेव्हा आमच्या ड्रायव्हरनं चार डबे दुसऱ्याच्या जीपमध्ये टाकून स्वतः खांद्यावरून जिन्यानं वर नेले आणि त्या फेरीत आम्हाला तोटा झाला" हा प्रसंग आहे. ऐकणाऱ्याला घाट दिसतो, जीप दिसते, जिना दिसतो.

एक व्यवहारातला फरक सांगते. कीर्तनाला लोक ऐकायलाच आलेले असतात, त्यामुळं तिथं निरूपण आधी चालतं. बँकेच्या मॅनेजरपुढं किंवा सकाळच्या शिफ्टपुढं तेवढी सवड नसते, तिथं प्रसंग आधी, दीड-दोन मिनिटांत, आणि मुद्दा नंतर एका वाक्यात. मुद्द्यानंतर गप्प बसायचं. आपण तिथंच घोळ करतो, मुद्दा सांगून झाला की तोच परत तीन प्रकारे सांगतो.

लोकांच्या डोक्यात आधीच एक गोष्ट असते, ती ऐका

किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, पलूस तालुक्यातली, त्यामुळं लहानपणापासून हे ऐकलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकऱ्यांना तो नको होता. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पिढ्यान्पिढ्या लाकडी नांगर वापरलेला माणूस, त्याच्या जमिनीवर त्याचं पोट, तो कसा लगेच तयार होईल? तयार केलेले पहिले नांगर बरेच दिवस तसेच पडून राहिले. त्यात बेळगावची जागा सोडावी लागली, मग औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० मध्ये निवडुंग माजलेल्या माळरानावर कारखान्याचं गाव उभं राहिलं. पुढं त्याच नांगरानं घर चालवलं.

मला यातला विषारी जमिनीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो गिऱ्हाइकाला माहिती नाही, आपण माहिती दिली की झालं. तसं नसतं. गिऱ्हाइकाजवळ आधीच एक पूर्ण गोष्ट तयार असते, त्यात खलनायकसुद्धा असतो, आणि तुमचं प्रॉडक्ट कधी कधी तोच असतो. माहितीपत्रक छापून ती गोष्ट जात नाही. ती आधी पूर्ण ऐकून घ्यावी लागते.

कसं ऐकायचं? मी एक करते, दर महिन्याला पाच लोकांना फोन. तीन असे ज्यांनी परत घेतलं, दोन असे ज्यांनी एकदा घेऊन परत घेतलंच नाही. "तेल कसं वाटलं" असं विचारत नाही कारण "छान" एवढंच उत्तर येतं. विचारते की पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा घरात काय झालं, कोण काय म्हणालं. एका ताईंनी सांगितलं, सासूबाई म्हणाल्या हे तेल फेसाळतंय, भेसळ आहे. मला धक्काच बसला. मग कळलं की आणखी बऱ्याच घरांत हेच झालंय, तळताना जास्त फेस दिसला की भेसळीची शंका, आणि आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, गुपचूप घेणं बंद केलं होतं. आमच्यासाठी ती विषारी जमीन होती. तेव्हापासून बाटलीबरोबर एक चिठ्ठी जाते, घाण्याचं तेल रिफाइंड केलेलं नसतं म्हणून फेस जास्त येतो, पहिल्यांदा कढईत कमी तेल घ्या आणि आच मंद ठेवा, आणि खाली माझा नंबर. सासूबाईंचं वाक्य चिठ्ठीत सगळ्यात वर छापलंय, घराचं नाव न घेता आणि त्या ताईंना विचारून. विचारलंच पाहिजे, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण त्यांना न विचारता बाजारात नेऊ शकत नाही.

कुठलं वाक्य पुढं जाणार आहे ते आधीच बघा

टाटा नॅनोचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात घेते. गोष्ट किती सुंदर होती बघा. स्कूटरवर अख्खं कुटुंब, पुढं उभं राहिलेलं पोर, मागं बसलेल्या आईच्या मांडीवर बाळ, वरून पाऊस. रतन टाटांना हे दृश्य टोचलं आणि या लोकांना सुरक्षित, परवडणारं चारचाकी वाहन देता येईल का हा विचार तिथून आला असं त्यांनी स्वतः सांगितलंय. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली, लाखाचा शब्द दिला होता तो पाळला. सगळं जग बघत होतं.

पण रस्त्यावर कुठलं वाक्य पोचलं? "जगातली सगळ्यात स्वस्त गाडी." पावसातलं कुटुंब मागं राहिलं. आता विचार करा, स्कूटर विकून आयुष्यातली पहिली गाडी घेणारा माणूस, पेढे वाटणार, गाडीला हार घालणार, नारळ फोडणार, शेजारी बघायला येणार. त्याला दारात "सगळ्यात स्वस्त" उभी करायची आहे का? पहिली गाडी ही मान वर करायची गोष्ट असते. पुढं रतन टाटांनीच मुलाखतीत म्हटलं की स्वस्त गाडी असा शिक्का बसला हे दुर्दैवी झालं, आणि तो शिक्का मारण्यात कंपनीच्या मार्केटिंगचाही हात होता. इतर कारणंही होती, पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना गुजरातला साणंदला न्यावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, सगळं खापर एका वाक्यावर फोडणं बरोबर होणार नाही. २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबलं. पण मूळ गोष्टीत नायक ते कुटुंब होतं, आणि बाजारात पोचता पोचता नायक किंमत झाली, हे मात्र शिकण्यासारखं आहे.

म्हणून आपली गोष्ट लिहून झाली की एक काम करा, ती वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्याला म्हणा, हे तू तुझ्या बायकोला किंवा भावाला एका वाक्यात कसं सांगशील? जे वाक्य येईल तेच बाजारात फिरणार आहे. ते ऐकून तुमच्या गिऱ्हाइकाची मान वर होते की खाली जाते ते बघा. खाली जात असेल तर गोष्ट बदला, आकडा मागं घ्या, माणूस पुढं आणा. आमच्या बॅनरवर एका वर्षी "भेसळीपासून वाचा" असं होतं. एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे आम्ही आजवर पोरांना भेसळ खायला घालत होतो का?" बरोबर होतं त्यांचं. ते वाक्य त्याच दिवशी काढलं.

स्ट्रॅटेजी पानभर लिहा, मुद्द्यांत नको

स्ट्रॅटेजी हा शब्द ऐकला की मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढं येतात, पण किराणा दुकानालाही ती असतेच, काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवणं म्हणजेच ती. प्रॉब्लेम असा की आपण ती मुद्द्यांमध्ये लिहितो. "विक्री वाढवणे. खर्च कमी करणे. नवीन बाजारपेठ." या तीन ओळींत भांडण लपलेलं आहे, कारण नवीन बाजारपेठेत गेलं की खर्च वाढतो, आणि मुद्द्यांमध्ये ते दिसत नाही. सलग वाक्यं लिहायला लागलं की "म्हणून", "पण", "त्यामुळं" हे शब्द लिहावे लागतात आणि तिथं आपली लबाडी उघडी पडते. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधली पॉवरपॉइंट बंद केली ती याचसाठी. त्याऐवजी सहा पानांपर्यंतचं सलग लिखाण आणायचं, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते तिथंच बसून शांतपणे वाचायचं, मग बोलायचं. आपल्याला सहा पानांची गरज नाही, एक पान भरपूर झालं.

पानावर क्रम असा ठेवा. आज आपण कुठं आहोत ते, खरं खरं. काय अडतंय. त्यामुळं काय ठरवलं. ते ठरवताना काय सोडलं, हे लिहायला सगळ्यात जड जातं आणि लोक नेमकं हेच गाळतात. आणि वर्षभरानं एखाद्या साध्या मंगळवारी आपल्या जागेत काय वेगळं दिसेल.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्यासाठी लिहिलेलं पान थोडं कापून देते:

"आपण आज बारा प्रकारची तेलं काढतो. त्यातली चारच, शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरेल, लोक परत परत मागतात. बाकीच्या आठ तेलांसाठी घाणा साफ करून माल बदलण्यात आठवड्यातला दीड दिवस जातो. त्या दीड दिवसात कुणी शेंगदाणा तेल मागायला आलं तर आपण त्याला शनिवारी या म्हणतो, आणि तो शनिवारी येत नाही. म्हणून दिवाळीनंतर चारच तेलं. बदामाचं तेल मागणाऱ्याला आपण नाही म्हणणार आणि दुसऱ्या घाण्याचा पत्ता देणार, त्यात आपला जास्त मार्जिनचा माल जाईल हे माहीत आहे. पुढच्या वर्षी या वेळी दुपारी चार वाजता कुणीही आलं तरी शेंगदाणा तेल काउंटरवर असेल."

हे मी सगळ्यांपुढं वाचलं, पॅकिंगच्या मावशींपासून हिशेब बघणाऱ्या पोरापर्यंत. मावशी म्हणाल्या, शनिवारी या हे तर मीच सांगते आणि मला कसंतरीच होतं. म्हणजे गोष्ट त्यांच्या अंगाला लागली. नंतर कुणी बदाम तेल मागायला आलं तर मला फोन यायचा बंद झाला, काय सांगायचं ते त्यांना माहीत होतं. मुद्द्यांचा कागद भिंतीवर लावून हे होत नाही, मी तोही लावून बघितलाय.

जुनी गोष्ट नवा निर्णय घेऊन देते का

लिज्जत पापडाची सुरुवात बहुतेकांना माहिती असते. मार्च १९५९, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका, ८० रुपये उसने, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी म्हणून कुणापुढं हात पसरायचा नाही. आणि काम करणारी प्रत्येक बहीण मालक. ही गोष्ट पाकिटावर छापण्यापुरती नाही, ती नियमासारखी वागते. उद्या कुणी म्हणालं मदतनिधी घेऊ, तर उत्तर शोधायला कमिटी नको, ते गच्चीवरच दिलेलं आहे.

तुमच्या धंद्याची सुरुवातीची गोष्ट काढा आणि तिला एक प्रश्न विचारा: उद्या असा पेच आला तर ही गोष्ट मला काही सांगते का? "आजोबांनी एका खोलीत सुरुवात केली" एवढ्यातून काही कळत नाही. आजोबांनी त्या खोलीत कशाला नाही म्हटलं होतं ते शोधा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून ठेवा.

आकड्यांबद्दलही एक सांगते, लोकांना वाटतं गोष्ट आणि आकडे हे दोन वेगळे पक्ष आहेत. अहमदनगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडच्या, हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तिथं दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, तो ग्रामसभेत सांगतात आणि त्यावरून यंदा कुठलं पीक घ्यायचं आणि कुठलं नाही ते ठरतं. मोजमाप दरवर्षी तेच, सांगायची जागा तीच, ऐकणारे तेच, त्यामुळं तो आकडाच गावाच्या गोष्टीतलं पात्र होतो, यंदा तो थकलाय का धडधाकट आहे हे लहान पोरालाही कळतं. आपल्या धंद्यातला असा एकच आकडा निवडा आणि दर महिन्याला त्याच फळ्यावर लिहा. आमचा आकडा आहे, परत आलेल्या बाटल्या किती.

स्वतःची चूक सांगताना

तो आकडा का निवडला ते सांगते, म्हणजे लीडरनं स्वतःबद्दल कधी आणि कसं बोलावं हे पण त्यातच येईल.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी खूप होत्या. घाण्यावरचा आमचा माणूस म्हणाला, "ताई, दाणा दमट लागतोय, दोन दिवस उन्हात टाकूया." मी म्हटलं वेळ नाही, चालव. तीन आठवड्यांनी तक्रारी यायला लागल्या, तेल खवट झालंय. चौसष्ट बाटल्या परत आल्या. आणि मी काय केलं, सगळ्यांपुढं त्यालाच बोलले, लक्ष कुठं असतं म्हणून. तो काही बोलला नाही, घाण्याची लाट पुसत उभा राहिला. घरी जाऊन मी डायरी उघडली तर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "दाणा दमट म्हणतोय, तरी घेतला." दोन रात्री झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी जिथं त्याला बोलले होते त्याच जागेवर, तेवढ्याच लोकांपुढं, डायरीतली ओळ वाचून दाखवली. त्याची माफी मागितली. आणि लगेच नियम सांगितला: आजपासून कुणीही दाणा दमट म्हणालं की घाणा थांबणार, मला फोन करायचा नाही, विचारायचं नाही, ऑर्डर कुणाचीही असो.

यातून मला जे कळलं ते असं. जिथं दुखावलं तिथंच बोलायचं, केबिनमध्ये बोलावून नाही. स्वतःच्या मनाला किती लागलं हे फार सांगायचं नाही, त्यानं लोक उलट आपलीच समजूत घालायला लागतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो बाजूला राहतो. झोप लागली नाही हे मी तुम्हाला सांगितलं, तिथं नाही सांगितलं. आणि गोष्टीच्या शेवटी काहीतरी बदललं पाहिजे, नियम, अधिकार, पगार, काहीतरी. काहीच बदलणार नसेल तर नुसती चूक कबूल करून काही उपयोग नाही, दुसऱ्यांदा कुणी ऐकणार नाही.

आणि काही वेळा गोष्ट सांगूच नये. पगार उशिरा होणार असेल, कुणाला कामावरून कमी करायचं असेल, किंमत वाढवायची असेल, तर पहिल्याच वाक्यात तारीख आणि रक्कम सांगा. तिथं आजोबांच्या खोलीपासून सुरुवात केली तर माणूस कायमचा तुटतो, आणि बरोबरच आहे त्याचं. गोष्टीत भर घालायची नाही हेही तेवढंच. चौसष्ट बाटल्या म्हणजे चौसष्टच, शेकडो नाही. घाण्यावर काम करणाऱ्यांना आकडा माहीत असतो, एकदा त्यांनी आपल्याला वाढवून सांगताना ऐकलं की पुढची खरी गोष्टसुद्धा ते अर्धीच धरतात.

वही ठेवा, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐका

साधी शंभर पानी वही पुरते. दर शनिवारी पाच मिनिटं, या आठवड्यात कुठं थांबायला झालं, कुणी काय म्हटलं, कुणी न सांगता काय केलं. वाक्य जसंच्या तसं लिहा, आपल्या शब्दांत नको, "फेसाळतंय" हा शब्द माझ्या डोक्यातून कधीच आला नसता. तीन-चार महिन्यांत वीसएक प्रसंग होतात, त्यातले दोन कामाचे निघतात, तेवढे पुष्कळ. बोलायची वेळ आली की वही चाळायची, इंटरनेटवर शोधायचं नाही.

प्रसंग बांधून झाला की एकाला सांगा आणि त्यानं तो तिसऱ्याला सांगताना जवळपास उभे राहून ऐका, मध्ये बोलू नका. तो जे गाळतो ते बहुतेक वेळा गाळण्यासारखंच असतं, आणि तो जे घालतो त्याकडं नीट लक्ष द्या.

गेल्या वर्षी आमच्याकडं एक नवीन मुलगा लागला. पहिल्या दिवशी घाण्यावरच्या त्याच माणसानं त्याला दिवाळीची गोष्ट सांगितली, मी पलीकडं डब्यांना लेबलं लावत होते. त्याच्या गोष्टीत माझी माफी नव्हती, डायरी नव्हती, चौसष्ट बाटल्या शेवटी ओझरत्या आल्या. त्यानं पोत्यातला एक दाणा काढला, मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "चाव. कट असा आवाज आला ना? असा आला तरच चालवायचं. त्या दिवाळीला नव्हता आला." मग दुसऱ्या पोत्यातला दिला. मुलानं चावला, थोडा थांबला आणि म्हणाला, "याचा नाही येत." पोतं उन्हात गेलं. आता नवीन माणसाला मी सांगते तेव्हा मीही दाण्यापासूनच सुरुवात करते.